पुण्यातली सात वर्षे स्टुटगार्टमध्ये मोजली जातील का?

पत्राचा गोषवारा: लेखिका 34 वर्षांच्या आहेत. पुण्यात एम. फार्म. केल्यानंतर त्यांनी शहराजवळच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता हमी विभागात, म्हणजे क्यू.ए.मध्ये, सात वर्षे नोकरी केली. पती वाहनउद्योगात सॉफ्टवेअर अभियंता असून ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय संघाच्या नोकरी-निवास परवान्यावर, स्टुटगार्टला आले, आणि गेली दोन वर्षे लेखिका पाच वर्षांच्या मुलीसह तिथेच राहत आहेत. जर्मन बी 1 पातळीपर्यंत (ए 1 ते सी 2 या सहा पायऱ्यांतली तिसरी) झाले आहे. आतापर्यंत 63 अर्ज केले, त्यांतले बरेचसे औषधांच्या दुकानांकडे आणि काही कंपन्यांकडे इंग्रजीतून. त्यातून दोन मुलाखती झाल्या, नोकरी एकही मिळाली नाही. ‘औषधनिर्मात्याचा परवाना मिळवायचा तर तीन वर्षे धर’ असे एका मैत्रिणीने सांगितले आहे. दरम्यान एका गोदामात पॅकिंगचे काम चालून आले आहे, पहाटेची पाळी, आठवड्याला 30 तास, आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. पती म्हणतात, ‘करात सगळे जाईल, गरजही नाही.’ जुने साहेब पुण्यात पुन्हा घ्यायला तयार आहेत, पण ते स्वतः मार्चअखेर निवृत्त होत आहेत. लेखिका विचारतात: ‘इथले भारतीय जर्मनांपेक्षाही जास्त कमावतात असे सगळे सांगतात, मग कमी मीच पडते आहे का? गोदामाचे काम घेऊ, परवान्याच्या मागे लागू, की परत जाऊ?’

नमस्कार.

तुमच्या पत्रात 63 अर्जांचा उल्लेख तीन वेळा आला आहे, आणि सात वर्षांच्या नोकरीत तुम्ही काय केले याच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली आहे: ‘बॅच रेकॉर्ड तपासणे, डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या चुकीचा) तपास, युरोपच्या ऑडिटची तयारी.’ नकार ताजे असतात आणि जुने काम मागे पडते, त्यामुळे असे होणे साहजिक आहे. तरीही मी सुरुवात या ओळीपासूनच करणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यात आहे असे मला वाटते.

जो कारखाना युरोपला माल पाठवतो त्याला युरोपीय संघाचे उत्तम उत्पादन पद्धतीचे नियम पाळावे लागतात, म्हणजे तुम्ही ज्याला ‘ईयू जीएमपी’ म्हणत आला आहात तेच. हेच नियम जर्मनीतल्या कारखान्यांनाही लागू आहेत. तुम्ही ज्या राज्यात राहता त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये औषधनिर्मितीचा मोठा पसारा आहे: उल्मला राटिओफार्म, बीबेराखला बोएरिंगर इंगेलहाइम, राव्हेन्सबुर्गला फेटर. पैकी उल्म स्टुटगार्टहून वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत येते. पुण्यात ज्या नियमपुस्तकावर तुमची सात वर्षे गेली तेच पुस्तक तिथल्या टेबलांवर आहे, आणि तुमचे बरेचसे अर्ज मात्र ‘आपोथेके’ अशी पाटी असलेल्या दुकानांकडे गेले आहेत.

इथे तुमच्या पहिल्या गृहीतकाकडे पाहू. पदवीला जर्मनीत मान्यता एक तर मिळते किंवा मिळत नाही, आणि न मिळाल्यास ती रद्दी ठरते, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात जर्मन कायदा व्यवसायांचे दोन गट करतो. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता अशा नियंत्रित व्यवसायांत सरकारी परवान्याशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. औषधनिर्मात्यासाठी या परवान्याला ‘अप्रोबात्सिओन’ म्हणतात. तो मिळवण्यासाठी भारतीय अभ्यासक्रमाची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना होते, तफावत आढळल्यास ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, आणि त्याशिवाय व्यावसायिक जर्मनची स्वतंत्र परीक्षा असते, जिची पातळी सी 1ची आहे. मैत्रिणीने सांगितलेली तीन वर्षे या वाटेची आहेत आणि तिचा अंदाज मला अवाजवी वाटत नाही. पण औषध कारखान्याचा गुणवत्ता विभाग या गटात येत नाही. तिथे बॅच बाजारात सोडण्याची कायदेशीर जबाबदारी ज्या ‘पात्र व्यक्ती’वर असते तिच्यासाठी कायद्याने ठरवलेली अर्हता लागते, तिच्या हाताखाली दस्तऐवज तपासणारे, डेव्हिएशन लिहिणारे, पुरवठादारांचे ऑडिट करणारे लोक परवान्याविना काम करतात. त्यांची निवड मालक स्वतः करतो. त्याला फक्त समोरची पदवी कशाच्या तोडीची आहे ते कळायला हवे असते.

ते कळवण्यासाठी एक कागद आहे. परदेशी शिक्षणाच्या मूल्यमापनाचे बॉनमधील केंद्रीय कार्यालय तुमची पदवी कोणत्या जर्मन पदवीच्या बरोबरीची आहे याचा दाखला देते. त्याचे शुल्क 208 युरो आहे. अर्ज करण्यापूर्वी ‘आनाबिन’ या त्यांच्या सार्वजनिक माहितीसाठ्यात आपले विद्यापीठ आणि पदवी शोधून पाहावी. हा दाखला तुमच्याकडे असल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. तो नसताना 63 अर्ज गेले असतील, तर त्या अर्जांचा अर्थ तुम्ही लावता तितका कठोर लावण्याचे कारण नाही. वाचणाऱ्याला तुमचा कागद वाचताच आला नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते.

आता ‘सगळे सांगतात’ त्या गोष्टीकडे वळू. ती खोटी नाही. जर्मनीत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मासिक वेतनाचा मध्य (निम्म्यांचे वेतन ज्याच्या वर आणि निम्म्यांचे ज्याच्या खाली असते तो आकडा) 5,000 युरोंच्या पुढे आहे, तर सर्व पूर्णवेळ कर्मचाऱ्यांचा मध्य 4,000च्या आसपास. मात्र हा आकडा कोणाचा आहे ते विचारले पाहिजे. तो पूर्णवेळ नोकरीत असणाऱ्यांचा आहे, आणि त्यांतले बरेचजण तुमच्या पतीसारखे, नोकरीचा करार हातात घेऊन विमानात बसलेले, संगणक किंवा अभियांत्रिकीतले आहेत. ज्यांना नोकरीच मिळालेली नाही त्यांचे वेतन या मध्यात येत नाही, कारण ते अस्तित्वातच नाही. थोडक्यात, तुम्ही ज्या आकड्याशी स्वतःला तोलत आहात त्याच्यात तुम्ही मोजलेल्याच नाही.

स्थलांतरिताचे नव्या देशात कसे चालेल हे त्याच्या देशावरून जितके ठरते, त्याहून अधिक तो कोणत्या दाराने आत आला यावरून ठरते. करार घेऊन येणारा पहिल्या महिन्यापासून कमावतो. कुटुंबासोबत येणारा किंवा आश्रय मागत येणारा भाषा, मुले आणि कागद यांतून वाट काढत उशिरा पोहोचतो, आणि त्यातही स्त्रिया मागे राहतात. 2015 मध्ये जर्मनीत आलेल्या निर्वासितांचे उदाहरण घ्या. 2024 पर्यंत त्यांच्यातील 64 टक्के लोक नोकरीत होते, म्हणजे काळाने बरेच काम केले. पण पुरुषांत हे प्रमाण 76 टक्के आणि स्त्रियांत 35 टक्के होते. तुमची परिस्थिती त्यांच्याहून कितीतरी सुरक्षित आहे, हे तुम्हालाही मान्य होईल. तरी दाराचा आणि घरातल्या जबाबदाऱ्यांचा परिणाम कसा होतो, ते या आकड्यांत दिसते. ‘मीच कमी पडते’ या वाक्याला त्यात फारशी जागा उरत नाही.

भाषेबाबत मात्र मी तुम्हाला दिलासा देणार नाही. बी 1 ही दुकानात, शाळेत आणि शेजाऱ्यांशी निभावून नेण्याची पातळी आहे. गुणवत्ता विभागाचे काम मुळात लिहिण्याचे आहे, आणि घडलेली चूक, तिचे कारण व तिच्यावरचा उपाय हे सारे जर्मनमध्ये नेमक्या शब्दांत मांडता यायला बी 2 हवेच. ऑडिट इंग्रजीत चालत असेलही, पण यंत्रावरचा कामगार बिघाड सांगतो तो जर्मनमध्ये, आणि तुमच्या भागात तर श्वाबिश बोलीत, जी ऐकून बर्लिनचा माणूसही गोंधळतो. (प्रमाण मराठी शिकून आलेल्या परप्रांतीयाची मालवणात जी अवस्था होईल, तशीच काहीशी.) रोजगार कार्यालयात, म्हणजे ‘आगेन्टूर’मध्ये, नोकरी शोधणारी व्यक्ती म्हणून तुम्ही नाव नोंदवले आहे का? पती कमावते आहेत म्हणून आपला तिथे काय संबंध, असे समजून अनेक जणी जातच नाहीत. नाव नोंदवल्यास व्यवसायाशी जोडलेल्या बी 2 भाषावर्गाची अनुदानित जागा मिळू शकते आणि एखाद्या प्रशिक्षणाचा खर्च उचलणारे ‘बिल्डुंग्सगुटशाइन’ही मागता येते. ते देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते, म्हणून जाताना जीएमपीच्या अभ्यासक्रमाचे नाव आणि तो लागतो अशा दोन-तीन जाहिराती सोबत न्याव्यात.

असा छोटा स्थानिक अभ्यासक्रम कशासाठी, असे तुमच्या मनात येईल, कारण तो तुम्ही स्वतः शिकवू शकाल. अर्थतज्ज्ञ रेचेल फ्रीडबर्ग यांनी इस्रायलमध्ये आलेल्या स्थलांतरितांच्या वेतनाचा अभ्यास करून 2000 मध्ये दाखवले की परदेशात घेतलेल्या शिक्षणाला नव्या देशात कमी मोबदला मिळतो, पण नव्या देशात आणखी काही शिकल्यास त्या जुन्या शिक्षणाचाही मोबदला वाढू शकतो. मला हा निष्कर्ष फार उपयोगी वाटतो. स्थानिक प्रमाणपत्र तुम्हाला नवे काही शिकवील की नाही हा प्रश्न गौण आहे. त्याच्या आधाराने मागची सात वर्षे वाचली जाऊ लागतात.

तुम्ही एक शंका अर्ध्या वाक्यात विचारून सोडून दिली आहे: नाव पाहूनच अर्ज बाजूला पडत असतील का? तसे होते, आणि तुमच्याच राज्यातल्या संशोधकांनी ते तपासले आहे. कॉन्स्टान्झ विद्यापीठातील लिओ कास आणि ख्रिश्चन मांगर यांनी विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी सारख्याच योग्यतेचे अर्ज काही जर्मन आणि काही तुर्की नावांनी पाठवले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जर्मन नावाला उत्तर येण्याची शक्यता सुमारे 14 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि लहान कंपन्यांत 24 टक्क्यांनी. मात्र ज्या अर्जांसोबत उमेदवाराच्या स्वभावाबद्दल चांगले सांगणारे शिफारसपत्र होते, त्यांत हा फरक दिसेनासा झाला. अभ्यास तुर्की नावांचा आणि विद्यार्थ्यांचा होता, तुमच्यावर तो जसाच्या तसा बसवता येणार नाही. तरी त्यातून हाती घेण्यासारखे काही निघते.

जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला मालक ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ देतो. त्यात कामाचे स्वरूप, जबाबदाऱ्या, कामाचा दर्जा, सहकाऱ्यांशी वागणूक, नोकरी सोडण्याचे कारण हे सारे सविस्तर असते आणि निवड करणारे लोक ते ओळीओळीने वाचतात. आपल्याकडचे अनुभवपत्र तुम्हाला ठाऊक आहे: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. जर्मन वाचकाला एवढ्या कोरड्या तीन ओळी दिसल्या तर ‘समाधानकारक’ म्हणजे जेमतेम, असा अर्थ तो त्याच्या रिवाजाप्रमाणे लावतो. तुमच्या 63 अर्जांसोबत हेच पत्र गेले असणार, अशी माझी अटकळ आहे. बायोडेटातही हीच काळजी हवी. गेली दोन वर्षे कोरी ठेवू नका, तिथे ‘स्थलांतर, जर्मन बी 1 पूर्ण, बी 2 सुरू’ असे सरळ लिहा. लपवलेल्या वर्षांपेक्षा सांगितलेली वर्षे कमी खुपतात. आणि अर्ज जर्मनमध्ये करा, कंपनीची जाहिरात इंग्रजीत असेल तेवढी सोडून. मोठ्या कंपन्यांत थेट प्रवेश होत नसेल तर तात्पुरते कर्मचारी पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत दस्तऐवज विभागात शिरण्याचीही वाट आहे. एका ठिकाणी सर्वसाधारणपणे 18 महिन्यांहून अधिक असे ठेवता येत नाही, पण तेवढ्यात एक जर्मन अनुभवपत्र हाती पडते.

आता सोमवारचा प्रश्न. घरात पैशाची निकड असती तर मी एका वाक्यात सांगितले असते की काम घ्या आणि मनाला काही लावून घेऊ नका. पोटापुरत्या कामात लाज बाळगण्यासारखे काही नसते, आणि ज्यांचे घर अशाच पगारावर उभे आहे त्यांच्या कष्टाकडे पाहून पदवीचा अहंकार दुखावून घेणे मला शोभणारे वाटत नाही. तुमच्याकडे निकड नाही. तुम्हाला घराबाहेर पडायचे आहे आणि कोणी तरी ‘हो’ म्हणाले आहे, हे गोदामाचे खरे आकर्षण आहे, असे मी पत्रावरून समजते. आठवड्याचे 30 तास, तेही पहाटेचे, गेल्यावर भाषावर्गाला जाण्याची ताकद उरणार नाही आणि पॅकिंगच्या पट्ट्यावर जर्मन बोलायलाही फारसे मिळत नाही. म्हणून हे काम या स्वरूपात घेऊ नये, असे माझे मत आहे. बाहेर पडण्यासाठी थोड्या तासांचे काम पाहा, जिथे माणसांशी बोलावे लागते: बेकरीचा काउंटर, किंवा अगदी एखाद्या आपोथेकेमधले माल लावण्याचे आणि घरपोच औषधे देण्याचे काम. अशा थोड्या कमाईच्या छोट्या नोकरीला जर्मनीत ‘मिनिजॉब’ म्हणतात; 2026 पासून तिच्या कमाईची मर्यादा महिन्याला 603 युरो आहे. पण त्याला शेवटची तारीख घाला आणि ती घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा, कारण विवाहित स्त्रियांचे मिनिजॉब वर्षानुवर्षे लांबत गेल्याची उदाहरणे खुद्द जर्मन घरांतही भरपूर आहेत, आणि त्या कामात बेरोजगारी विमा जमा होत नाही.

‘करात सगळे जाईल’ हे पतीचे म्हणणे हेतूने चांगले असेल, हिशेबाने अपुरे आहे. तुमच्या घरात बहुधा त्यांचा करवर्ग तीन आणि तुमचा पाच लावलेला असेल. या रचनेत दोघांच्याही करसवलती नवऱ्याच्या पगारात धरल्या जातात आणि बायकोच्या पगारातून कपात मोठी होते, त्यामुळे तिच्या हाती आलेली रक्कम पाहून ‘एवढ्यासाठी कशाला?’ असे दोघांनाही वाटू लागते. वर्षअखेरच्या विवरणपत्रात दोघांचा कर एकत्रच मोजला जातो. कपात कोणाच्या नावावर झाली याने कुटुंबाचा वार्षिक कर बदलत नाही. दोघांनी वर्ग चार घेतला तर दरमहाचे चित्र सरळ दिसते. शिवाय बेरोजगारी भत्ता आणि पालकभत्ता हे हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात, म्हणून पाचव्या वर्गातल्या स्त्रीचे तिथेही नुकसान होते. हा हिशेब एका संध्याकाळी दोघांनी कागद घेऊन करावा. कर हा विषय वरकरणी रुक्ष आहे, पण घरात कोणाच्या कामाला किती किंमत आहे याचा वाद अनेकदा त्याच्या आड लपलेला असतो.

परत जाण्याबद्दल मी थोडेच बोलेन. पुण्याची नोकरी ही हार नव्हे, पण ती तुमच्या साहेबांच्या शब्दावर उभी आहे आणि ते मार्चनंतर तिथे नसतील. मुलगी सप्टेंबरात पहिलीत जाईल; 2026-27 पासून पहिलीच्या मुलांना जर्मनीत दिवसभराच्या देखभालीचा कायदेशीर हक्क मिळतो आहे, म्हणजे गेली दोन वर्षे जी दुपार तुमच्या हातात नव्हती ती येईल. प्रत्यक्ष सोय कशी आहे ते तुमच्या शाळेत आताच विचारा. दाखला, बी 2 आणि नव्याने लिहिलेले अर्ज एवढे झाल्यावर एक वर्षाने हाच प्रश्न पुन्हा पाहावा, असे मी सुचवीन. आज तो 63 अर्जांच्या थकव्यातून विचारला जात आहे. परवान्याचा विचारही तोवर बाजूला ठेवा. पुढे दुकानाच्या काउंटरमागे उभे राहण्याचीच इच्छा झाली तर बी 2 त्या वाटेवरचाही पहिला टप्पा आहे, आणि परदेशी पात्रतेच्या मान्यतेसाठी मदत करणाऱ्या ‘आयक्यू’ जाळ्याची राज्यांतली सल्ला केंद्रे त्याविषयी विनामूल्य मार्गदर्शन करतात.

हे उत्तर अजून विमानात न बसलेले अनेकजण वाचत असतील. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि 10,000 तरुणांना तिकडे पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हापासून अशी पत्रे वाढली आहेत. त्यांना, आणि विशेषतः जोडीदारासोबत जाणाऱ्यांना, माझे सांगणे एवढेच की आपला व्यवसाय नियंत्रित आहे की नाही ते इथेच तपासा, विद्यापीठाकडून गुणपत्रकांचे अधिकृत उतारे इथूनच घ्या, आणि नोकरी सोडताना साहेबांकडून दोन पानांचे पत्र मागायला संकोच करू नका. तेच पत्र स्टुटगार्टहून मागवणे किती कठीण होऊन बसते ते, त्यासाठी तिथून फोन करत बसणाऱ्यांना विचारा.

तुमच्याबाबतीत ते अजून कठीण झालेले नाही. मार्चअखेरनंतर त्या साहेबांकडे कंपनीचे पत्रशीर्ष नसेल, सही करण्याचा अधिकार नसेल, आणि नव्या येणाऱ्याला तुमचे ऑडिट आठवणार नाही. तेव्हा गोदामाला उत्तर देण्याच्या आधी, उद्या सकाळीच, त्यांना फोन करा. सात वर्षांत कोणती ऑडिट पार पाडली, किती माणसांना शिकवले, कोणत्या चुका वेळेत पकडल्या याचा मसुदा तुम्हीच लिहून पाठवा. लिहिताना एका ओळीवर थांबू नका.